कॅन्टीनजवळची विहीर

आमच्या कॉलेजचं गेट जळगावच्या बाजूला आहे. शहरातून धुळ्याकडे निघालं की हायवेवर आधी गेट लागतं, मग लांबलचक कंपाउंड, आणि कंपाउंड संपता संपता कॅन्टीन. हे कुणालाही दिसतं. रिक्षावाल्याला दिसतं, एस.टी.च्या कंडक्टरला दिसतं, गेटसमोर ठाण मांडून बसणाऱ्या गाईलासुद्धा ते माहीत आहे. फक्त तिथे सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांना ते माहीत नव्हतं, आणि चाळिशी ओलांडल्यावर मी त्यांच्यात जाऊन बसले.

माझा डिप्लोमा लग्नाआधीचा. साक्री तालुक्यातल्या आमच्या गावातून धुळ्याला राहून केलेला, फर्स्ट क्लासचा. लग्नाच्या बैठकीत माझे सासरे, म्हणजे नाना, पांढरी टोपी सारखी करत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरगी हुशार शे. आम्ही पुढे शिकाडसूत." नाना तेव्हा शिंदखेड्याकडच्या एका शाळेत हेडमास्तर होते. हेडमास्तरानेच म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांना आभाळ ठेंगणं झालं. माझ्या वडिलांनी तर डोळे पुसले. मी आत स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं पेरत होते, आणि मीही खूश झाले. किती मूर्ख होते मी!

लग्नानंतर आधी जळगावचं घर बांधायचं होतं. मग दिराचं लग्न होतं. मग माझं बाळंतपण, मग मुलीची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग त्या गेल्यावर नानांचं आमच्याकडे कायमचं राहायला येणं. दर जूनमध्ये पुढचा जून दाखवला जायचा. मुलगी पुण्याला शिकायला गेली त्या वर्षी मी जेवणाच्या टेबलावर विषय काढला की डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो आणि मी अर्ज करणार आहे. माझ्या नवऱ्याने ताटातल्या फोडणीच्या मिरचीकडे अशा एकाग्रतेने पाहिलं की जणू उत्तर तिच्यात आहे. मग म्हणाला, "नानांना विचार." हा माणूस पेट्रोल कुठल्या पंपावर भरायचं तेसुद्धा नानांना विचारतो.

नाना समोरच बसलेले होते. त्यांनी सावकाश पाणी प्यायलं आणि वर्गात शिक्षा सुनावावी तसं सांगितलं, "पाय माय, शिकानं शे ते शिक. पन एक बी विषय राह्यना, ते कॉलेज बंद. या वयमा नापास व्हयनी ते बठ्ठा गाव हासी."

मी हो म्हटलं. मला तेवढीच फट मिळणार होती, आणि ती मी घेतली. पण ती अट पहिल्या दिवसापासून माझ्या पाठीवर बसली. एक विषय राहिला की संपलं. वर्गातली पोरं चार-चार विषय मागे टाकून मिशीला पीळ देत हिंडत होती, त्यांचे बाप त्यांना नव्या मोटरसायकली घेऊन देत होते, आणि माझा एक विषय राहिला असता तर गावाला हसू येणार होतं. गाव कुठलं, ते नानांनी सांगितलं नाही. आमच्या कॉलनीत तर कुणाला शेजारी कोण राहतं हेही धड ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. मुलगी गेल्यावर तिची खोली रिकामी होती. टेबल, दिवा, खिडकी, सगळं जागच्या जागी. मी तिथे अभ्यास करीन म्हटलं तर नाना म्हणाले ती पाहुण्यांची खोली आहे. पाहुणे दिवाळीला यायचे. बाकी वर्षभर त्या खोलीत गव्हाची कोठी आणि लसणाच्या जुड्या ऐसपैस राहत असत. मला जेवणाचं टेबल मिळालं, तेही नानांचा चहा, नानांचं वर्तमानपत्र आणि नानांच्या बातम्या यांच्यामधून उरेल तेवढं.

कॉलेजने मात्र मला हात जोडून घेतलं. जागा रिकाम्या होत्या. साठ पोरांच्या वर्गात अर्धे बाक धूळ खात होते, त्यामुळे माझ्याऐवजी गेटवरची गाय फी भरून आली असती तरी तिला रोल नंबर मिळाला असता. पोरांनी पहिल्या आठवड्यात मला काकू म्हटलं, मग मॅडम, आणि माझ्या डब्याची चव कळल्यावर अक्का. आपसात सगळे एकमेकांचे 'भो'. "काय भो, आज लेक्चर आहे का भो?" "नाही भो." एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा.

सर्व्हेइंगचे सर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. जमिनीची मोजणी आणि नकाशा, हा त्यांचा विषय. ते मोबाइलवरून वाचून दाखवत, आणि मध्येच फोन आला तर परत येऊन तोच परिच्छेद पुन्हा वाचत. आम्हीही तो पुन्हा लिहून घेत असू. मी एकदा विचारलं की सर, हा कोन मोजायचा थिओडोलाइट प्रत्यक्ष लावून दाखवाल का. सर माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं मी त्यांच्या घरचं कपाट उघडून दाखवा म्हटलं. मग म्हणाले, "प्रॅक्टिकलला बघू, मॅडम."

प्रॅक्टिकलला काय व्हायचं ते सांगते. कपाटातून यंत्र निघायचं, तिपाईवर बसायचं, एक पोरगा त्याच्या नळीला डोळा लावायचा, दुसरा लांब पट्ट्यांचा बांबू धरून उभा राहायचा, आणि सर फोटो काढायचे. फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप छापून यायची, कारण तपासणी समितीला तसे फोटो लागतात. मग यंत्र परत कपाटात. नळीवरचं झाकण कित्येकदा काढलेलंही नसायचं. त्या अंधारात डोळा घालून पोरगा गंभीर चेहरा करायचा, आणि त्या फोटोच्या जोरावर आमचं खातं उत्तम ठरायचं.

वर्षाचं मोठं काम होतं कॉलेजच्या आवाराचा नकाशा. चार-पाच जणांच्या बॅचने सगळं आवार मोजायचं, कोन घ्यायचे, आणि मोठ्या ड्रॉइंग शीटवर प्रत्येकाने आपला नकाशा काढायचा. तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक येतात, ते शीट बघून प्रश्न विचारतात. शीट अपुरी तर माणूस नापास, आणि मग ते सगळं पुढच्या परीक्षेला. मी शीटसाठी चांगला कागद आणला, पेन्सिली आणल्या, आणि बॅचमधल्या पोरांना विचारलं की मोजायला कधी लागायचं.

"मोजायचं काय त्याच्यात, अक्का? जीटी मारू."

जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. खिडकीची एक काच काढायची, दोन खुर्च्यांवर ठेवायची, खाली बल्ब लावायचा. काचेवर आधीच्या कुणाची तरी शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेघा वर दिसतात, त्या गिरवायच्या. झाला इंजिनिअर. आमच्या कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळ्या विषयांच्या मूळ शीट मिळत, एका दिवसाच्या बोलीवर. वर्षानुवर्षं तेच चाललेलं. प्रत्येक वर्गाने आधीच्या वर्गाचं गिरवलं होतं, आणि त्यांनी त्यांच्या आधीच्यांचं.

एका पोराने आवाराच्या नकाशाची ती मूळ शीट माझ्यासमोर पसरली. मी बघत राहिले. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. वर उत्तर दाखवणारा बाण ठीक होता. खाली हायवे ठीक होता. मग लक्षात आलं की हायवेवर बाण काढून डावीकडे 'धुळ्याकडे' आणि उजवीकडे 'जळगावकडे' लिहिलंय, तेही बरोबर, आणि गेट दाखवलंय धुळ्याच्या टोकाला. कॅन्टीन जळगावच्या टोकाला. मुलींचं हॉस्टेल, पाण्याची टाकी, सायकल स्टँड, एकूण एक गोष्ट उलट बाजूला. आरशात दिसावं तसं आख्खं कॉलेज.

कधीतरी कुणीतरी काचेवर शीट पालथी ठेवून गिरवली होती. खालची अक्षरं उलटी दिसली असणार, ती तेवढी त्या गाढवाने सरळ करून लिहिली, आणि धुळे-जळगाव तेवढं आठवणीने योग्य बाजूला टाकलं. इमारती उलट्या झाल्या ते त्याला दिसलंच नाही. त्याच्यानंतरच्यांनाही दिसलं नाही. तपासणाऱ्या सरांनी दर वर्षी त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली. ही सगळी मंडळी रोज त्या गेटातून आत येत होती, त्या कॅन्टीनला वडापाव खात होती, आणि एकाही माणसाने कधी मान वर करून बघितलं नव्हतं. त्यातले कित्येक आता रस्ते बांधत असतील. जिल्ह्यातले काही रस्ते असे का आहेत त्याचा मला त्या दिवशी उलगडा झाला.

मी पोरांना म्हटलं, अरे, हे उलटं आहे. पोरांनी शीट फिरवून बघितली, मोबाइलवर नकाशा काढून बघितला, आणि एक जण म्हणाला, "खरंच की भो!" सगळे मनापासून हसले. मग म्हणाले, "पण अक्का, सर असंच घेतात." आणि गिरवायला बसले.

मला ती शीट गिरवणं शक्य नव्हतं. त्यात फार मोठं तत्त्व नव्हतं. बैठकीतल्या त्या वाक्यापासून कॉलेजच्या गेटापर्यंत यायला मला अर्धं आयुष्य लागलं होतं, आणि आता ते गेटच मी चुकीच्या जागी दाखवू? जळफळाट झाला माझा. मी ठरवलं की आवार मोजायचं.

एकटीने मोजता येत नाही, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. पोरं फुकट धरणार नव्हती. हिवाळा तोंडावर होता, बाजारात भरताची हिरवी वांगी आली होती. मी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या पुऱ्या केल्या, कांद्याची पात चिरून नेली, आणि कंपाउंडच्या एका टोकाला डबा ठेवून सांगितलं की टेप धरून इथपर्यंत पोचलात तर जेवण. तो जो बांबू धरून फोटोला उभा राहायचा ना, तो पहिल्यांदा खऱ्या कामासाठी उभा राहिला. भरीत संपेपर्यंत आवार मोजून झालं. खान्देशात माणसाकडून काम करून घ्यायचा दुसरा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

घरी आकडेमोड केली तर नकाशा बंद होईना. म्हणजे असं, की ज्या खुणेपासून मोजायला सुरुवात केली तिथेच आवाराला वळसा घालून आपण परत येतो, तर कागदावरही रेघ तिथेच येऊन मिळायला हवी. ती मिळत नाही. थोडं अंतर उरतंच. टेप ताणला जातो, हात हलतो, भरीत खाल्लेला पोरगा पेंगतो. पुस्तकात त्याची रीत आहे, ती चूक सगळ्या रेघांवर थोडी थोडी वाटून टाकायची. पोरांच्या शीटवर मात्र चूक शून्य. त्यांची रेघ सुरुवातीच्या टिंबावर बरोब्बर येऊन टेकायची, कारण ती कुठे गेलीच नव्हती.

मी जेवणाच्या टेबलावर शीट काढली. दुपारी, भांडी आटोपल्यावर. जवळजवळ पूर्ण झाली होती, कॅन्टीनच्या बाजूला सायकल स्टँड तेवढा राहिला होता. नाना चहाचा कप घेऊन आले, चष्मा नाकावर ओढून वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय काढी राह्यनी व माय?" मी सांगितलं, कॉलेजचा नकाशा. "यान्हा मार्क शेत?" आहेत म्हटलं. "मंग चांगलं काढ," असं म्हणून त्यांनी कप शीटवर ठेवला आणि वर्तमानपत्र उघडलं. बशीत नाही, टेबलावर नाही. टेबलावर जागा होती. शीटवर, कॅन्टीन आणि सायकल स्टँडच्या जागेच्या मध्ये.

मी कप उचलून बाजूला ठेवला, तोवर खाली गोल उमटला होता. खोडरबराने घासलं, पाव घासून बघितला. फिकट झाला, गेला नाही. नानांनी पान उलटलं. कॉलेजला जायला निघताना मला वाटलं की एवढं काय, फिकट डाग आहे, चहाचा आहे हे कुणालाही कळेल.

सरांनी शीट बघितली. डाग त्यांना दिसला नाही. त्यांनी समोरच्या गठ्ठ्यातली एक शीट काढली, माझ्या शीटशेजारी ठेवली, आणि दयेने म्हणाले, "मॅडम, तुमचं गेट चुकलंय."

मी म्हटलं, "सर, गेट तिथेच आहे."

"सगळ्यांचं इकडे आहे."

"सगळ्यांनी गिरवलंय सर. मी मोजलंय. खिडकीतून बघा ना."

ड्रॉइंग हॉलच्या खिडकीतून हायवे दिसतो, गेट दिसतं, त्या गेटातून त्याच क्षणी एक सिमेंटचा ट्रक आत वळत होता. सरांनी खिडकीकडे बघितलं नाही. "मॅडम, वय झालं की असा गोंधळ होतो. पुन्हा काढून आणा. नाहीतर मी शीट घेऊ शकत नाही, आणि शीट नाही तर ओरलला बसता येत नाही." एवढं बोलून त्यांनी गठ्ठा सारखा केला.

वय झालं की! मी शीट त्यांच्या टेबलावर तशीच सोडून बाहेर आले. कॅन्टीनला जाऊन बसले. समोरून हायवेवर धुळ्याची गाडी गेली आणि मला वाटलं की चढावं तिच्यात आणि माहेरी निघून जावं. मग आठवलं की माहेरी गेलं तरी नानांना फोन करून विचारतील, पाठवायचं का परत म्हणून. चहा पिऊन मी घरी आले. नानांनी दारातच विचारलं, मार्क किती मिळाले. अजून दिले नाहीत म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी सरांनी मला बोलावलं. आवाज एकदम मऊ. परीक्षक यंदा धुळ्याहून येणार होते. धुळ्याहून येणारा माणूस आधी कॅन्टीन बघणार, मग सगळं कंपाउंड, मग शेवटी गेट. आणि हे परीक्षक म्हणे फार कडक. सरांनी बहुतेक खिडकीतून बघितलं होतं, एकटे असताना. ते चूक होती असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुमची शीट राहू द्या माझ्याकडे. जरा रेफरन्सला."

रेफरन्स म्हणजे काय ते मला संध्याकाळच्या आत कळलं. माझी शीट झेरॉक्सवाल्याकडे गेली होती. जुनी मूळ शीट बाद, ही नवी. सगळ्या वर्गाने नव्याने काचा मांडल्या. मला सांगायला हरकत नाही, तेव्हा मी मनातून सुखावले होते. चोरून का होईना, गेट एकदाचं जागेवर आलं. सर भेटले की मान हलवायचे. पोरं म्हणायची, "अक्का, तुमची शीट एक नंबर भो!"

माझी शीट मात्र परत आली नाही. मागितली तेव्हा चार कोपऱ्यांना चिकटपट्टीने फाटलेलं, मधोमध घडी मोडलेलं एक फडकं दाखवलं गेलं. "तुम्ही परत काढा ना मॅडम, तुम्हाला तर येतंच," सर म्हणाले. येत होतंच. माझ्याकडे आकडे होते. मी पुन्हा काढली, स्वच्छ, नाना बाहेर फिरायला गेले असताना, आणि पूर्ण झाल्यावर गुंडाळी करून कपाटात साड्यांच्या मागे ठेवली.

ओरलच्या दिवशी परीक्षक धुळ्याहून उशिरा आले. कडक म्हणजे कपडे कडक होते, इस्त्रीचे. त्यांच्यासाठी गावाबाहेरच्या एका मळ्यात भरताची सोय केलेली होती, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे प्रत्येकाला दोन प्रश्न, शीटवर एक नजर, आणि पुढे चला. सर त्यांच्या शेजारी नम्र होऊन बसले होते. परीक्षकांसमोर चहाचा कप होता, रिकामा.

माझा नंबर आला. त्यांनी माझं वय बघितलं, दचकले, खुर्चीतून अर्धे उठले, मग रोल नंबर बघून परत बसले. त्यांनी क्लोजिंग एरर, म्हणजे नकाशा बंद होताना उरणारी चूक, काय ते विचारलं. मी सांगितलं. माझी किती आली ते सांगितलं, ती रेघांवर कशी वाटून टाकली ते सांगितलं. त्यांना कंटाळा आला. त्यांनी शीट उघडली, पेनाचं टोक फिरवत फिरवत कॅन्टीनपाशी आले आणि थांबले.

"विहीर कुठे आहे?"

"कुठली विहीर सर?"

त्यांनी गठ्ठ्यातल्या वरच्या दोन-चार शीट काढून माझ्यासमोर टाकल्या. प्रत्येकीवर, कॅन्टीन आणि सायकल स्टँडच्या मध्ये, एक सुबक गोल. शेजारी तिरप्या अक्षरात लिहिलेलं, विहीर. एकाने तर आत पाणी दाखवायला निळ्या रेघा मारल्या होत्या.

तो नानांचा कप होता. तोच आकार, तीच जागा. माझा डाग त्यांनी काचेवरून गिरवला, आणि नुसता गोल कसा ठेवायचा म्हणून त्याला नाव दिलं. त्या जागेवर रोज बसून ही पोरं चहा पितात. तिथे विहीर असती तर अर्धा वर्ग एव्हाना तिच्यात पडला असता.

मी म्हटलं, "सर, तिथे विहीर नाही."

"सगळ्यांना दिसली, तुम्हालाच दिसली नाही?"

"तुम्ही चला ना सर माझ्याबरोबर, दाखवते. दोन मिनिटं लागतील."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, फील्डवर जायची काय गरज? शीटवर सगळं असतं." मग आमच्या सरांकडे वळून म्हणाले, "पाण्याची सोय हा सर्व्हेचा महत्त्वाचा भाग. इनकम्प्लीट आहे ही शीट. पुढच्या परीक्षेला परत घ्या त्यांना."

मी सरांकडे बघितलं. या माणसाला सगळं ठाऊक होतं. त्याने माझी शीट स्वतःच्या हाताने झेरॉक्सवाल्याकडे दिली होती. एक वाक्य बोलायचं होतं त्याने, की सर, विहीर नाहीये तिथे. सर टेबलावरची टाचणी उचलून टाचणीच्या डबीत ठेवत होते.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. पुढच्या परीक्षेला म्हणजे विषय राहिला. विषय राहिला म्हणजे कॉलेज बंद. मला नानांचा आवाज ऐकू आला, रागावलेला नाही, समाधानी. मी सांगितलंच होतं, म्हणणारा. आणि माझा नवरा ताटाकडे बघणारा.

मी परीक्षकांसमोरचा रिकामा कप उचलला. शीटवर पालथा ठेवला, कॅन्टीन आणि सायकल स्टँडच्या मध्ये, आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली. कप उचलून त्यांच्या बशीत परत ठेवला. शेजारी लिहिलं, विहीर.

"घ्या सर. राहिली होती."

सरांच्या हातातली टाचणी खाली पडली. परीक्षकांनी मान वाकडी करून गोल नीट बघितला. "खोली किती आहे?"

"पाणी लागेपर्यंत, सर."

"गुड," ते म्हणाले, आणि पास करून पुढच्या पोराला हाक मारली.

मला लाज वाटली नाही. लोकांना वाटतं की वाटायला हवी होती. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. बाहेर पोरं विचारत होती, काय विचारलं भो अक्का, काय विचारलं. मी म्हटलं, विहिरीची खोली. ती ताबडतोब एकमेकांना सांगत सुटली की खोली विचारतात, काहीतरी आकडा ठरवून ठेवा.

निकाल लागला, एकही विषय राहिला नाही. नानांनी कॉलनीत पेढे वाटले. साक्रीकडचे एक पाहुणे आले होते, त्यांना नाना सांगत होते, "मनी सून इंजिनेर व्हयी राह्यनी. आम्हीच शिकाडी राह्यनूत." पाहुणे माना हलवत होते. मी टेबलावर पुढच्या सत्राची शीट मांडून बसले होते, एका घराचा नकाशा. नाना बोलता बोलता आले आणि चहाचा कप शीटवर ठेवला, घराच्या बैठकीच्या खोलीत बरोब्बर मधोमध.

मी म्हटलं, "नाना, मागच्या वेळी तुमच्या या कपामुळे मी पास झाले."

नानांचा चेहरा खुलला. काय, कसं, त्यांनी विचारलं नाही. ते पाहुण्यांकडे वळले. "ऐकं का? मना कपमुये पास व्हयनी ती!" पाहुणे हसले, माझा नवरा हसला. ते अजूनही येईल त्याला हे सांगतात.

ते हसत असताना मी कप उचलून नानांच्या हातात दिला. शीट गुंडाळली, पट्टी-पेन्सिली घेतल्या आणि मुलीच्या खोलीत गेले. गव्हाची कोठी ढकलत ढकलत बाहेर आणून सोडली, लसणाच्या जुड्या तिच्यावर टाकल्या. हसणं थांबलं होतं. नाना म्हणाले, "अव, ती पाव्हनासनी खोली शे."

"आता इथे मी आहे," मी म्हटलं, आणि आतून कडी लावली.